दादरहून अमेरिकेला फराळ पाठवला, त्याचा अनुभव जरा सविस्तर

ज्यांची मुलं बाहेर आहेत त्या आईवडिलांसाठी लिहितोय, बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल. २०२४ ची दिवाळी होऊन तीन आठवडे झाले, विधानसभेचं मतदान झालं, निकाल लागला, आता डोकं जरा शांत आहे म्हणून बसलोय. दुकानाचं नाव लिहीत नाही, दुकान चालवणाऱ्या ताईंनीच सांगितलंय की दिवाळीत आधीच झेपत नाही, ओळखीतून येतात तेवढी गिऱ्हाइकं पुरे. रानडे रोडवरून आत वळलात की एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर आहे, बाहेर वजनकाटा आणि खोक्यांचा ढीग दिसला की तेच. फराळ स्वतः बनवून विकतात, परदेशात पाठवतात, आणि मुख्य म्हणजे तुमच्या घरचा फराळ नेलात तर तोही पॅक करून पाठवतात. मला हवं होतं ते हेच.

आमची लेक अकरा वर्षं पेनसिल्वेनियात आहे, फिलाडेल्फियाच्या वरच्या अंगाला बक्स काउंटी म्हणून जिल्हा आहे तिथे. आत्तापर्यंत दरवर्षी आमची ही सगळं घरी करायची आणि ओळखीचं कोणी जाणारं असलं की त्यांच्या बॅगेत द्यायचो, कधी दोन किलो कधी तीन, समोरच्याला जेवढं जमेल तेवढं. यंदा हिचा उजवा खांदा धरला, फ्रोझन शोल्डर, सोऱ्या फिरवणं तर सोडाच, पदर नीट करायला त्रास. तरी बेसनाचे लाडू तिने केलेच, बेसन मी भाजलं, ती बाजूला खुर्चीवर बसून सांगत होती, अजून, अजून, आता वास सुटला, आता गॅस बंद करा. पाऊण तास लागला. चकली, चिवडा, करंज्या, अनारसे दुकानातून घ्यायचं ठरलं.

आता यंदाच एवढी धडपड का, ते सांगतो, कारण त्याशिवाय मला ही सर्व्हिस का आवडली ते कळणार नाही.

लेकीने यंदा मार्चमधे तिकडचं नागरिकत्व घेतलं. जावई तिथेच वाढलेला, त्यामुळे तिला ते केव्हाच मिळालं असतं, पण सात वर्षं फॉर्म भरायचं टाळत होती. आपल्याकडे दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही, तिकडचं घेतलं की आपला पासपोर्ट जमा करावा लागतो, आणि तिचं मन होत नव्हतं. मग नातू शाळेत जायला लागला, तिथे शाळेचं बोर्डसुद्धा मतदानाने निवडतात, आणि ती म्हणाली की बाबा माझ्या मुलाची शाळा कशी चालणार, गावात काय होणार, हे सगळे ठरवतात आणि मी एकटी खिडकीतून बघत बसते. मी म्हटलं घे. त्याची एक परीक्षा असते, तेव्हा १०० प्रश्नांची यादी द्यायचे, त्यातले १० विचारायचे आणि ६ बरोबर आले की पास. जानेवारीत रोज रात्री साडेदहाला, तिच्याकडे दुपारचे बारा, ती डबा खाता खाता उत्तरं द्यायची आणि मी इथून यादी बघून प्रश्न विचारायचो. सिनेटर किती, १००. राष्ट्रपती किती वर्षांसाठी, ४. निवडणूक कुठल्या महिन्यात, नोव्हेंबर. मी बेस्टमधे ३४ वर्षं नोकरी केली, इंग्रजी माझं कामापुरतं, पण ती यादी मला पाठ झाली. शपथ झाली त्या दिवशी तिने हातात छोटा झेंडा घेतलेला फोटो पाठवला. आपला पासपोर्ट जमा केल्याचं मात्र पंधरा दिवसांनी सांगितलं, तेही हिला, मला नाही. २००९ च्या लोकसभेला तिने पहिलं मत दिलं होतं, म्युनिसिपल शाळेत, माझ्यापुढे रांगेत उभी होती, बाहेर आल्यावर बोट वर करून दाखवलं होतं. ते आठवलं. वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला, दोन्ही खरं.

तर यंदाची तिची तिकडची पहिली राष्ट्रपतीची निवडणूक. आणि राहते कुठे तर नेमकी पेनसिल्वेनियात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तिकडे अख्ख्या देशाची मतं एकत्र मोजून निकाल लागत नाही, प्रत्येक राज्याला ठरावीक मतं असतात, एकूण ५३८, त्यातली २७० मिळाली की जिंकला. बहुतेक राज्यं कुठे जाणार ते आधीच माहीत असतं, खरी मारामारी सातेक राज्यांत, आणि त्यात सगळ्यात मोठं पेनसिल्वेनिया, १९ मतांचं. आणि त्यातही ही बक्स काउंटी अशी की अर्धी इकडे अर्धी तिकडे. १६ ऑक्टोबरला कमला हॅरिस तिथे सभा घेऊन गेल्या, २० तारखेला ट्रम्प त्याच काउंटीत मॅकडोनाल्डमधे उभे राहून फ्रेंच फ्राइज तळून गेले. लेक सांगत होती की टीव्ही लावला की जाहिराती, मोबाइलवर मेसेज, पोस्टाच्या पेटीत रोज पाच सहा पत्रकं, आणि रोज संध्याकाळी दारावर टकटक. दोन्हीकडचे कार्यकर्ते घरोघर फिरतात, नाव घेऊन विचारतात मत ठरलं का. सुरुवातीला ती सगळ्यांना पाणी विचारायची, आपली सवय. मग तिने दारच उघडणं बंद केलं. नातवाला सांगून ठेवलं, बेल वाजली तरी उघडायचं नाही. (हे लक्षात ठेवा, पुढे याच्यामुळेच घोळ झाला.)

आणि घरात. लेक आणि जावई यांचं मत एक नाही. कोण कोणाकडे ते मी लिहिणार नाही, तो त्यांचा विषय. पण ऑगस्टपासून व्हिडिओ कॉलवर दिसत होतं, एक फ्रेममधे आला की दुसरा उठून जायचा. जावई स्वभावाने चांगला आहे, माझ्या बायपासला तो रजा घेऊन इथे आला होता, तीन आठवडे हॉस्पिटलच्या बाकावर झोपला, त्याच्याबद्दल मी वाकडं ऐकून घेणार नाही. लेकही समंजस आहे. तरी जेवणाच्या टेबलावर बोलणं बंद, मुलगा मधे बसून एकदा आईकडे एकदा बाबाकडे बघतोय, हे आम्ही इथून बघत होतो. एकदा नातवाने मला विचारलं, आजोबा, तुम्ही कोणाच्या साइडला? मी म्हटलं मी तुझ्या साइडला. ही रात्री झोपायची नाही. मला म्हणायची, तिथे जाऊन चार दिवस स्वयंपाक केला असता, एका ताटात वाढलं असतं तर बोलली असती दोघं. खांदा असा, व्हिसाची मुदत संपलेली, जाणार कसं. म्हणून मी म्हटलं आपण नाही तर निदान फराळ तरी वेळेवर पोचू दे, लक्ष्मीपूजनाच्या आत.

आता दुकानाबद्दल.

१९ ऑक्टोबर, शनिवारी सकाळी गेलो. आपल्याकडची विधानसभा १५ तारखेला जाहीर झालेली, बाहेर बॅनर उतरवायचं काम चाललं होतं. दुकानात ही गर्दी, सगळे माझ्याच वयाचे, सगळ्यांच्या हातात पिशव्या आणि खिशात मुलांचे पत्ते लिहिलेले कागद. कोणाचं कॅनडा, कोणाचं सिडनी, कोणाचं जर्मनी. पण कोणाची घाई केली नाही की कोणावर आवाज चढवला नाही, टोकन देतात, बसायला बाकडं, आणि हातावर चिवडा देतात चव बघायला.

आधी चव. चकली एक नंबर. भाजणीची आहे, मैदा नाही, काटे उभे, तोंडात टाकल्यावर आधी कुरकुर आणि मग विरघळते, तेल हाताला लागत नाही. हिने एक तोडून आतली नळी बघितली, पोकळ निघाली, मान हलवली, पास. आमच्या हिच्याकडून पास म्हणजे काय ते आमच्या नातेवाइकांना विचारा. चिवडा पातळ पोह्यांचा, खोबऱ्याचे काप लालसर तळलेले, शेंगदाणे कच्चे नाहीत, पण साखर मला थोडी जास्त वाटली. करंजीत सुक्या खोबऱ्याचं सारण, ओल्या नारळाची ते बाहेर पाठवायला देतच नाहीत, टिकत नाही. शंकरपाळे साधारण, घ्यायलाच पाहिजेत असं नाही. अनारसे जाळीदार, मऊ, खसखस भरपूर. माझ्यापुढच्या काकांना दुबईला पाठवायचे होते, त्यांना ताईंनी अनारसे दिलेच नाहीत, म्हणाल्या काका तिकडे खसखस चालत नाही, कायद्याने बंदी आहे, तुमचा मुलगा अडचणीत येईल. विकले असते तर त्यांचे पैसे झाले असते, पण नाही दिले. तिथेच माझा विश्वास बसला.

मग पॅकिंग. मी घरून खोकं घेऊनच गेलो होतो, टीव्हीवाल्याकडून मागून आणलेलं चांगलं जाड. ताईंनी टेप लावून मापलं, ४५ बाय ३५ बाय ३५ सेंटिमीटर. मला कागदावर करून दाखवलं, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५०००, आलं ११ किलोच्या वर. म्हणाल्या, काका तुमचं सामान काट्यावर भरलंय सव्वाआठ किलो, पण कुरियरवाले खोक्याच्या आकाराचे पैसे लावतात, दोन्हीत जे जास्त ते. चिवडा हलका आणि जागा खाणारा, त्यातच सगळ्यांचे पैसे जातात. मग त्यांनी माझं खोकं बाजूला ठेवलं आणि ४० बाय ३० बाय ३५ चं काढलं, लाडवाचे डबे खाली, चकल्या उभ्या गोल डब्यात एकावर एक आणि मधल्या पोकळीत कागद, आणि चिवडा डब्यात न भरता छोट्या छोट्या पिशव्यांतून सगळ्या फटींमधे दाबून बसवला, म्हणजे तोच बबल रॅपचं काम करतो. ८.४ आलं, साडेआठ लावलं. किलोला ६४० प्रमाणे ५४४० रुपये, फराळाचे पैसे वेगळे. माझ्या खोक्यात पाठवलं असतं तर साडेअकरा किलो लागले असते, १९२० रुपये जास्त. मला हिशेब कळतो, मी घरी येऊन परत केला, बरोबर होता. हे त्यांनी मला न विचारता, आपणहून केलं.

पॅकिंग करणारा मुलगा, विशीतला असेल, त्याच्याबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. मी खोक्यात किल्ल्याचे मावळे पाठवत होतो. नातू ९ वर्षांचा, त्याला किल्ला करायचा होता, व्हिडिओ कॉलवर माझ्याबरोबर, मी इथून सांगायचं आणि त्याने तिथे करायचं असं आमचं ठरलेलं. म्हणून कुंभारवाड्यातून महाराज आणि बारा मावळे आणले होते. त्या मुलाने एक एक मावळा हातात घेतला, भाला कुठे, ढाल कुठे ते बघितलं, भाल्याच्या टोकाला आधी कापूस, मग वर्तमानपत्राची पट्टी, मग टेप, आणि तेरा पुडक्या केल्यावर महाराजांच्या पुडकीवर पेनाने 'महाराज' लिहिलं, म्हणाला आजोबा, नातवाला कळलं पाहिजे आधी कुठली उघडायची. वर्तमानपत्र त्याच आठवड्याचं, उमेदवाऱ्यांच्या बातम्यांचं. गर्दीच्या दिवशी त्याने माझ्या मावळ्यांना वीस मिनिटं दिली. एकही मावळा फुटला नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी घेतली नाही. मी आमच्या सोसायटीच्या आवारातली लाल माती आणली होती, डबाभर, लेक लहानपणी त्याच मातीचा किल्ला करायची. आणि वर पेरायला हळीव. ताईंनी दोन्ही बाजूला काढलं. म्हणाल्या माती अमेरिकेत परवानगीशिवाय जात नाही, पेरायचं बी पण नाही, पकडलं तर अख्खं खोकं अडकेल, लाडवांसकट. मी जरा आग्रह केला, थोडीशी तरी, कोण बघणार. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, काका, मुलगी नवीन नागरिक झालीय ना, तिच्या नावाने खोकं जाणार, कशाला. मला पटलं. हळिवाऐवजी मोहरी पेरायला सांगा म्हणाल्या, तिकडच्या इंडियन दुकानात मिळते, चार दिवसांत उगवते. हळीव मी परत आणला, हिने त्याचे लाडू केले. माती परत झाडाखाली टाकली.

कागदपत्रं म्हणजे आधारची झेरॉक्स, सामानाची यादी, प्रत्येक पदार्थाचं नाव इंग्रजीत आणि त्यात काय काय आहे ते. यादी त्यांचा मुलगा टाइप करून देतो, पैसे घेत नाही. सात ते आठ कामाचे दिवस सांगितले.

आता तक्रार. ती पण पूर्ण लिहितो, कारण नुसतं कौतुक वाचून कोणी फसायला नको.

ट्रॅकिंगचा नंबर व्हॉट्सअॅपवर आला, रोज दहा वेळा बघत होतो. खोकं २९ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीला, लेकीच्या गावात पोचलं. खूश झालो. आणि मग ट्रॅकिंगवर आलं, घरी कोणी नाही, परत नेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अरे, घरी कोणी नाही कसं, नातू चार वाजता शाळेतून येतो, जावई घरून काम करतो! ३१ तारखेला नरकचतुर्दशीला मी पहाटे साडेचारला उठलो, उटणं लावायच्या आधी मोबाइल बघितला तर लिहिलेलं, उद्या शेवटचा प्रयत्न, नंतर परत पाठवणार. परत म्हणजे कुठे, मुंबईला? लेकीला लगेच फोन केला, तिच्याकडे संध्याकाळचे सात. तेव्हा कळलं. बेल वाजत होती, हे लोक उघडत नव्हते. त्यांना वाटायचं प्रचारवालेच आलेत. जावई वरच्या खोलीत मीटिंगमधे, नातू सोफ्याच्या मागे लपून बसलेला, कारण आईने सांगितलंय उघडायचं नाही. दारावर चिठ्ठी चिकटवून गेले होते ती पण पत्रकांच्या गठ्ठ्यात गेली, न वाचता रिसायकलच्या डब्यात.

बरं ड्रायव्हरने फोन का नाही केला? तर लेबलवर लेकीच्या फोनचे दोन आकडे उलटसुलट पडलेले. माझ्या कागदावर बरोबर होते, फोटो आहे माझ्याकडे, दुकानात टाइप करताना चूक झाली. आणि दुसरं, खोकं सही घेऊनच देतात, दारात ठेवून जात नाहीत, हे दुकानात मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी लेकीला सावध केलं असतं. या दोन चुका दुकानाच्या. साध्या आहेत, पण माणसाचा जीव टांगणीला लागतो.

त्यांनी पुढे काय केलं ते बघा. सकाळी पावणेसहाला फोन लावला, दिवाळीची पहिली अंघोळ, कोण उचलणार असं वाटत होतं. दुसऱ्या रिंगला ताईंनी उचलला. मी रागातच होतो. त्यांनी ऐकून घेतलं, मधे बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या काका चूक आमची आहे, मी बघते, तुम्ही अंघोळ करून घ्या. तासाभरात त्यांचा मेसेज, तिकडच्या ऑफिसशी बोलणं झालंय, नंबर दुरुस्त केलाय, खोकं आता घरी न पाठवता जवळच्या पिकअप काउंटरवर ठेवायला सांगितलंय, मुलीने ओळखपत्र घेऊन जायचं, पाच दिवस ठेवतील. काउंटरचा पत्ता, वेळ, सगळं मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही. लेकीला पण स्वतः मेसेज केला. आणि दिवाळी झाल्यावर पॅकिंगचे घेतलेले ३०० रुपये न मागता परत केले. मी नको म्हटलं, ऐकलं नाही. आता त्यांनी फॉर्ममधेच बदल केलाय म्हणे, फोन नंबर गिऱ्हाइकाकडून मोठ्याने वाचून घेतात आणि सहीचं लाल पेनाने लिहून देतात. पुढच्या वेळी जाईन तेव्हा बघेन.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन. तिकडे शुक्रवार, कामाचा दिवस. लेकीला ऑफिसातून निघायला उशीर होणार होता, काउंटर आठला बंद. तर जावई गेला. स्वतःहून. लेकीने त्याला सांगितलंही नव्हतं, बोलणंच कमी होतं तेव्हा, तिने फक्त फ्रिजवर पत्ता लावून ठेवला होता. तो नातवाला घेऊन गेला, पण खोकं लेकीच्या नावाचं, ओळखपत्र तिचं पाहिजे, काउंटरवाल्याने दिलं नाही. मग हे दोघं तिथेच गाडीत बसून राहिले, तिला फोन केला, ती ऑफिसातून थेट तिकडे आली, आठला दहा मिनिटं असताना खोकं मिळालं. आणि नातवाला धीर निघेना म्हणून तिथेच पार्किंगमधे, गाडीच्या डिकीत ठेवून उघडलं. फोटो आहे. डिकीचा पिवळा दिवा, खोकं उघडं, हिने लाडवांच्या डब्याला बांधलेला लाल दोरा, नातवाच्या हातात 'महाराज' लिहिलेली पुडकी, आणि ही दोघं एकमेकांशेजारी डिकीच्या कडेवर टेकून चकली खातायत. नातवानेच काढलाय, त्यामुळे जरा हललाय. ही तो फोटो दिवसातून किती वेळा बघते मी मोजत नाही.

सामानाची अवस्था लेकीने लिहून पाठवली, मी मुद्दाम विचारली होती, इथे लिहायला. चकल्या ४२ पैकी ५ मोडल्या. करंज्या सगळ्या शाबूत. लाडू एकही फुटला नाही. चिवडा मऊ पडला नव्हता. अनारसे दोन एकमेकांना चिकटले. तेरा दिवस प्रवास केलेल्या फराळाला हे चांगलंच म्हणायचं.

रविवारी भाऊबीजेला किल्ला झाला. आदल्या रात्री तिकडची घड्याळं एक तास मागे गेली, त्यामुळे मी ठरलेल्या वेळेला फोन लावला तर ते अजून झोपलेले. दारासमोरच्या लॉनवर केला, माती त्यांच्याच बागेतली, काळी. लेकीच्या घरापुढे कोणाचाच बोर्ड नव्हता, दोघांचं जमत नव्हतं म्हणून लावलाच नव्हता, आजूबाजूला मात्र प्रत्येक अंगणात एक एक. मी इथून सांगत होतो, बुरूज आधी, मग तट, दरवाजा समोर नको, वळणावर ठेव. जावई गुडघ्यावर बसून माती थापत होता, त्याला किल्ला माहीत नव्हता, त्याने लहानपणी कधी केला नाही. तो मला विचारायचा, बाबा दरवाजा वळणावर का? मी सांगितलं, हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये म्हणून. ते तो लेकीला परत सांगत होता, जसं काही तिला माहीतच नाही, आणि ती ऐकून घेत होती.

५ तारखेला मंगळवारी मतदान. नातवाच्या शाळेला सुट्टी, ती दोघं त्याला घेऊन एकाच गाडीतून गेली, रांगेत उभी राहिली. आपल्यासारखी शाई लावत नाहीत, एक गोल स्टिकर देतात, मत दिलं असं लिहिलेलं. लेकीने बोट नाही, स्टिकर वर करून फोटो पाठवला. मी आमच्या जुन्या रांगेचं काही बोललो नाही, फक्त लिहिलं, शाब्बास बाळा. ६ तारखेला सकाळी साडेसहाला, म्हणजे पेनसिल्वेनियातलं मतदान संपलं तेव्हापासून, आम्ही दोघं टीव्हीपुढे होतो. दुपारी चारच्या सुमारास निकाल आला, ट्रम्प, शेवटी ३१२ विरुद्ध २२६. लेकीची काउंटी पण तिकडेच गेली, अगदी थोड्या मतांनी. आम्हाला कोण जिंकलं यापेक्षा ती दोघं आज जेवतायत का याची काळजी. संध्याकाळी फोन आला तर तिच्याकडे सकाळ. दोघांतला एक खूश होता, एक नव्हता, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण मधे टेबलावर चिवड्याची वाटी होती, एकच, आणि दोघं त्यातूनच खात होती. हिने मला कोपराने ढोसलं, त्याच दुखऱ्या हाताने.

२० तारखेला आम्ही मत देऊन आलो. नातवाला बोट दाखवलं, त्याला शाई फार आवडली, पुसत नाही हे कळल्यावर तर जास्तच. त्याने मला किल्ला दाखवला, पावसाने एक बुरूज खचलाय, मोहरी बोटभर वर आलीय, आणि दरवाजावर आईबाबांचे दोन्ही स्टिकर शेजारी शेजारी चिकटवलेत.

ज्यांना पाठवायचंय त्यांच्यासाठी: लक्ष्मीपूजनाची तारीख दरवर्षी बदलते, ती आधी बघून ठेवा, दसऱ्याची वाट बघू नका, लवकर जा. शनिवारी जाऊ नका, मधल्या वारी सकाळी दहाला जा, टोकन लगेच मिळतं. स्वतःचं खोकं नेऊ नका. चिवडा, चकली आणि अनारसे दुकानाचे घ्या, लाडू घरचे न्या. लेबल चिकटवायच्या आधी पत्ता आणि फोनचा एक एक आकडा स्वतः वाचा. सही लागते हे मुलांना आधी सांगा, आणि बेल वाजली तर दार उघडायला सांगा. आमच्या हिने खांद्याच्या डॉक्टरांना विचारून ठेवलंय, पुढच्या दिवाळीपर्यंत सोऱ्या फिरवता येईल का. ते म्हणाले बघू. तरी भाजणी दोन किलो जास्त दळून आणायचं तिने आत्ताच माझ्याकडून कबूल करून घेतलंय.